खुर्चीवरून न दिसणारे

राजघाटाच्या पायऱ्या उतरून तापीच्या काठी उभे राहिले की पात्रात दगडी हत्ती दिसतो. मागे शाही किल्ल्याची भिंत, पलीकडच्या तीरावर जैनाबादची झाडी आणि मध्ये हा हत्ती. उन्हाळ्यात तो उघडा पडतो, पावसाळ्यात हळूहळू पाण्यात जातो आणि मोठ्या पुरात दिसेनासा होतो. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी पुराची चौकशी ‘पाणी हत्तीला कुठवर आले?’ अशीच करीत. सरकारी मोजमाप अर्थातच निराळे. केंद्रीय जल आयोग बऱ्हाणपुरास तापीची पातळी मोजतो आणि ते आकडे खाली हतनूर, उकाई आणि पार सुरतेपर्यंतच्या पूर-अंदाजास उपयोगी पडतात.

या घाटावर मी आणि माझे एक सहकारी शिक्षक गेली अकरा वर्षे, शाळा सुटल्यावर, आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी येऊन बसतो. ते गणित शिकवितात, मी मुख्याध्यापक. दोघांचीही मातृभाषा मराठी आणि दोघांचीही घराणी तीन-चार पिढ्यांपासून याच गावात रुजलेली. दोन वर्षांपूर्वी श्रावणात मात्र नऊ दिवस मी घाटाकडे फिरकलो नाही. त्यांना टाळावे म्हणूनच फिरकलो नाही. या अबोल्याचे मूळ एका संगणकीय प्रश्नावलीत होते आणि ती प्रश्नावली मीच काढलेली होती. आज अनेक वाचकांच्या कचेऱ्यांतून, बँकांतून, शाळांतून अशा प्रश्नावल्या फिरू लागल्या आहेत. कोणी त्या भरीत असेल, कोणी काढीत असेल. म्हणून ही हकिकत सविस्तर सांगतो.

झाले असे, की एकाच सत्रात आमच्या शाळेतील दोन शिक्षिकांनी बदलीसाठी अर्ज केले. दोन्ही अर्जांत कारण एकच होते : घरगुती अडचण. दोघींचे काम उत्तम होते. त्यांपैकी एकीच्या निरोपाच्या दिवशी, हारतुरे आटोपल्यावर, आमचे बडे बाबू दाराशी घुटमळत म्हणाले, ‘सर, बाई जाताना म्हणाल्या, शाळा चांगली आहे हो, पण इथे विचारतं कोण?’ हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. मी तर रोज सर्वांना विचारतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. कसे काय चालले आहे, मुले ठीक ना, असे विचारल्यावाचून माझा दिवस जात नसे.

त्याच रात्री शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर मी मजकूर टाकला, की शाळेच्या कामकाजाविषयी कोणास काही सूचना करावयाच्या असल्यास त्यांनी निःसंकोच कराव्यात. सकाळपर्यंत अकरा जणांनी जोडलेले हात पाठविले, तिघांनी वर केलेले अंगठे पाठविले, आणि एका गृहस्थांनी एकादशीच्या शुभेच्छा दिल्या. पुढे शिक्षकसभेत हाच प्रश्न तोंडी विचारला. बराच वेळ शांतता पसरली. मग कोणीतरी दहावीच्या वर्गातील पंखा आवाज करतो असे सांगितले आणि सभा संपली.

यात नवल काहीच नव्हते. ज्यांच्या वार्षिक गोपनीय प्रतिवेदनावर पहिली सही माझी, त्यांनी माझ्या समोर बसून माझ्या उणिवा सांगाव्यात, ही अपेक्षाच भाबडी. हे माझ्या ध्यानात आणून दिले ते पुण्यास संगणक-क्षेत्रात नोकरीस असलेल्या माझ्या कन्येने. ‘बाबा, तुम्ही मारकी म्हैस पुढ्यात बांधून दूध काढायला सांगताय,’ असे ती हसत म्हणाली. (मुलींना पुण्यास पाठविले की बापाविषयी अशा उपमा त्यांना सुचू लागतात.) तिच्या कचेरीत दर तीन महिन्यांनी सर्वांना एक प्रश्नावली येते. तीत आपल्या गटप्रमुखाविषयी, कामाच्या ओझ्याविषयी, सहकाऱ्यांच्या वागणुकीविषयी प्रश्न असतात. गटप्रमुखास उत्तरे दिसतात ती एकत्रित केलेली, आणि गट पाचांहून लहान असेल तर निकाल दाखविलाच जात नाही, कारण चौघांत कोण काय बोलले हे ओळखणे काही अवघड नसते. अशी महागडी साधने आमच्यासारख्या सरकारी शाळेस कोठून परवडणार? पण गूगल फॉर्म्स नावाची प्रश्नावली 2008 पासून फुकट उपलब्ध आहे. मुलांच्या सुटीतील अभ्यासासाठी आम्ही ती वापरलीही होती. दूरध्वनीवरून तिने शिकविले आणि मी एका रविवारी दुपारी सतरा सहकाऱ्यांसाठी प्रश्नावली तयार केली.

येथे मी एक नव्हे, तीन घोडचुका केल्या. तांत्रिक दिसल्या तरी त्या सांगण्याजोग्या आहेत.

पहिली अशी, की ई-मेल पत्ते गोळा करण्याची कळ चालूच राहिली होती. म्हणजे वर मोठ्या अक्षरांत ‘नाव लिहिण्याची आवश्यकता नाही’ असे आश्वासन, आणि खाली प्रत्येकाचा पत्ता आपोआप माझ्या हाती. आमच्या विज्ञानाच्या तरुण शिक्षकांनी मला बाजूला घेऊन अत्यंत अदबीने हे सांगितले. मी खजील झालो. ती कळ बंद केली आणि प्रश्नावली नव्याने पाठविली. एका व्यक्तीने एकच उत्तर द्यावे अशी अट घातली तर उत्तर देणाऱ्यास आपल्या खात्यातून प्रवेश करावा लागतो. पत्ते गोळा करण्याची सोय बंद असल्यास त्याचा पत्ता प्रश्नावली काढणाऱ्यास दिसत नाही, हे खरे. पण हे भरणाऱ्यास कोण समजावून सांगणार? त्याला प्रवेशाची पाटी दिसली, की तो म्हणतो, पकडले! म्हणून मी ती अटही काढून टाकली. कोणी दोनदा भरले तर भरू द्यावे.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म होती. मी विचारले होते : आपला विषय कोणता? सेवेची वर्षे किती? आता आमच्या शाळेत संस्कृत शिकविणारे एकच आणि उर्दू शिकविणाऱ्याही एकच. त्यांना नाव विचारले काय आणि विषय विचारला काय! एवढेच नव्हे, उत्तरांच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात प्रत्येक उत्तराची वेळ सेकंदापर्यंत उमटते. दुपारी मधल्या सुटीत अमुक शिक्षक मोबाईलवर काही टंकीत बसलेले मी पाहिले असतील, तर तेवढे पुरे. म्हणून पुढच्या वेळी मी उत्तरे येत असताना पाहायचीच नाहीत असे ठरविले. प्रश्नावली आठ दिवसांनी बंद करावयाची, बडे बाबूंनी वेळेचा रकाना खोडून उत्तरांचा क्रम उलटसुलट करावयाचा आणि मगच कागद माझ्या टेबलावर यावयाचा.

तिसरी चूक यंत्राची नव्हती. प्रश्न कसा विचारावा हेच मला कळत नव्हते. ‘मुख्याध्यापकांचे सहकार्य आपणांस समाधानकारक वाटते काय?’ असा माझा पहिला प्रश्न. पस्तीस वर्षे अध्यापन केलेल्या माणसाने असा प्रश्न काढावा याची आज लाज वाटते, कारण त्यात उत्तर प्रश्नाच्या पोटातच ठेवलेले आहे. कन्येने तो खोडला आणि तीन साधे प्रश्न सुचविले. मी करतो असे काय चालू ठेवावे? काय थांबवावे? गेल्या महिन्यात कोणत्या प्रसंगी आपणांस शाळेत अपमानित वा असहाय वाटले? हा तिसरा प्रश्न मला फार कठोर वाटला. पण उत्तरे आली ती त्यालाच.

भाषेचाही प्रश्न होता. आमच्या शिक्षकांत मराठी, हिंदी, निमाडी आणि उर्दू अशा चार भाषांची घरे आहेत. जो तो आपल्या भाषेत लिहू लागला तर अनामिकता कसली? म्हणून प्रश्न हिंदीत ठेवले आणि उत्तरेही हिंदीतच द्यावीत असे सांगितले. माझ्या नऊ दिवसांच्या अबोल्याचे कारण नेमके या खबरदारीतून निघाले.

सतरांपैकी अकरा जणांनी प्रश्नावली भरली होती. काही उत्तरे गोड होती, ती मी भराभर वाचली. शेवटच्या तासाविषयी चार तक्रारी होत्या. गावाबाहेरून येणाऱ्या शिक्षिकांना सतत शेवटचा तास दिला जातो, त्यांची बस चुकते आणि अंधार पडल्यावर फाट्यावर उभे राहावे लागते. वेळापत्रक मी स्वतः करीत असे आणि ते ‘विषयांच्या सोयीने’ करतो असे समजत असे. बदली मागून गेलेल्या दोघीही बाहेरगावाहूनच येत होत्या, हे मला तो कागद हातात असताना आठवले. महिलांच्या प्रसाधनगृहाची कडी दोन वर्षे मोडलेली होती. त्याविषयी कोणी एका शब्दानेही बोलले नव्हते, कारण बोलायचे ते पुरुष मुख्याध्यापकापाशी. आणि मग ते एक उत्तर आले. प्रार्थनेच्या वेळी, सर्व विद्यार्थ्यांदेखत, उशिरा आलेल्या शिक्षकांना मी घड्याळ दाखवितो, असे त्यात लिहिले होते आणि शेवटी वाक्य होते : ‘सबके सामने ऐसी शिक्षा न दी जाए।’

वाचकहो, या ‘शिक्षा’ शब्दावर मी अडखळलो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, धडा, उपदेश. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदी माणूस दंडाच्या अर्थाने ‘सज़ा’ म्हणेल. हा माणूस हिंदीत लिहितो खरा, पण विचार मराठीत करतो, असा मी निष्कर्ष काढला. शिक्षकांत मराठी घरचे तिघे होते. त्यांपैकी एक रजेवर होत्या, दुसरे कधी उशिरा येत नाहीत. राहिले माझे घाटावरचे मित्र, ज्यांना त्याच महिन्यात दोनदा मी घड्याळ दाखविले होते. मराठी विषयात एम.ए. केल्याचा एवढा दुरुपयोग मी आयुष्यात दुसरा केला नसेल.

मला राग तक्रारीचा आला नव्हता. अकरा वर्षे एकत्र बसणाऱ्या माणसाने समोर न बोलता कागदाआडून बोलावे, हे मला झोंबले. दुसऱ्या दिवसापासून मी घाटावर जाणे सोडले. शाळेत कामापुरते बोलू लागलो. ते काही विचारू गेले तर फाईल उघडून बसू लागलो. 

त्या रिकाम्या संध्याकाळी घरी बसून मी मोगल राज्यव्यवस्थेविषयीची पुस्तके पुन्हा काढली. बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दख्खन सुभ्याचे ठाणे. 1601 साली अकबराने असीरगड घेतल्यापासून शहजादे आणि सुभेदार येथे राहिले, आणि 1631 मध्ये मुमताजमहलचा अंत येथेच झाला. दिल्ली-आग्र्याहून इतक्या दूर बसलेला सुभेदार काय करतो, हे बादशहास कळावे कसे? त्यासाठी वाकनवीस असत. त्यांनी लिहिलेली वार्ता सुभेदारास ठाऊक होऊनच पुढे जाई, म्हणून तिच्यावर संपूर्ण भिस्त ठेवता येत नसे. म्हणून जोडीला सवानेहनिगार, आणि त्याही पलीकडे खुफियानवीस. हा कोण आहे हे सुभेदारास कळू नये आणि त्याने परस्पर दरबारी लिहावे, अशी व्यवस्था. एकाच घटनेची बातमी निरनिराळ्या वाटांनी पोचावी, ही त्यातील योजना. वाकनवीस हे पद आपल्याकडेही आले. 1674 च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांत दत्ताजी त्रिंबक वाकनीस हे मंत्री होते, आणि ते आडनाव अजूनही आपल्या घरांतून नांदते आहे.

वाचता वाचता माझ्या लक्षात आले, की मी माझ्याच शाळेत खुफियानवीस नेमला होता आणि आता सुभेदाराप्रमाणे त्याचा माग काढीत होतो. तथापि एक भेद होता. खुफियानविसाचा कागद सुभेदाराच्या वर, बादशहाकडे जाई. सुभेदारास तो वाचावयास मिळत नसे, त्याला कळे तो केवळ परिणाम. माझ्याकडे आलेला कागद मात्र माझ्यासाठीच लिहिलेला होता. वर कोणाकडे जाऊन माझे नुकसान करणे हा त्याचा हेतूच नव्हता.

पाठीमागून जाणाऱ्या कागदाचा अनुभव मला स्वतःला आहे. मी साधा शिक्षक असताना एका शाळेत एका वर्षी माझ्या गोपनीय प्रतिवेदनात एक साधारण शेरा पडला. तो कोणी कधी दाखविला नाही. पुष्कळ वर्षांनी, पदोन्नतीच्या यादीत नाव मागे का पडले याची चौकशी केली, तेव्हा तो शेरा कळला. शेरा खरा असेलही. पण त्या वर्षी कळला असता तर सुधारता आला असता. असे हजारोंचे झाले असेल. त्यांपैकी सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील एक कार्यकारी अभियंता, देव दत्त, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1993-94 साली त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. वरवर पाहता यात वाईट ते काय? पण पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा होता, म्हणजे तो ‘चांगला’ शेराच त्यांना नडला आणि तो त्यांना कळविलेला नव्हता. 12 मे 2008 रोजी न्यायालयाने निकाल दिला, की लष्कराचा अपवाद सोडता, बरा असो वा वाईट, प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे. त्यानंतर 2009 मध्ये केंद्र सरकारने संपूर्ण प्रतिवेदन कर्मचाऱ्यास दाखविण्याचा आदेश काढला.

पुढे 2015 च्या सुमारास केंद्राने सहसचिव आणि त्यावरील पदांसाठी अधिकाऱ्यांची निवड करताना वरिष्ठ, कनिष्ठ, सहकारी यांच्याकडून मते मागविण्याची पद्धत आणली. तिला 360 अंशांचे मूल्यमापन म्हणतात. कल्पना उत्तम. परंतु मते कोणाकडून घेतली, ती काय होती, याचा पत्ता त्या अधिकाऱ्यास लागत नाही, म्हणून 2017 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने ही पद्धत अपारदर्शक असल्याचा ठपका ठेवला. म्हणजे 2008 मध्ये पुढच्या दाराने बाहेर घालविलेले गुपित मागच्या दाराने परत आले, असे मला वाटते. वरिष्ठाने कनिष्ठाविषयी गुपचूप लिहिणे आणि कनिष्ठाने वरिष्ठास नाव न घालता लिहिणे या दोन्हींस आपण ‘गोपनीय’ म्हणतो, पण पहिल्यात लिहिणाऱ्याला भय नसते आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याचे आयुष्य बदलते. दुसऱ्यात नेमके उलटे असते.

आपल्याकडे ही विद्या अगदी परकी आहे असेही नाही. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो या कंपनीने 1974 साली उदय पारीक आणि टी. व्ही. राव या अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील दोन प्राध्यापकांना आपली मूल्यमापनाची पद्धत तपासण्यास बोलाविले. त्यांनी सुचविले, की माणसाचे गुणांकन करून कपाटात ठेवण्याऐवजी वरिष्ठाने त्याच्याशी बसून बोलावे, त्याची वाढ व्हावी आणि त्यासाठी कंपनीत निराळा विभाग असावा. त्यातून 1975 मध्ये तेथे मनुष्यबळ विकासाचा विभाग उभा राहिला. पुढे ऐंशीच्या दशकात राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिकाऱ्यांच्या शिबिरांत, प्रत्येकाविषयी त्याच्या वरिष्ठ-कनिष्ठ सहकाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन, त्यांचे सार त्या अधिकाऱ्याच्याच हाती देण्यास आरंभ केला. तेव्हा ती कागदांवर होती, आता पडद्यावर आली, एवढाच फरक.

परदेशातील दोन संशोधने मला येथे फार उपयोगी वाटली. एक 1996 मधील, क्लुगर व डेनिसी यांचे. अभिप्राय दिल्याने काम सुधारते काय, याचे सहाशेहून अधिक निष्कर्ष त्यांनी एकत्र तपासले. सरासरीने काम सुधारते खरे, पण एक-तृतीयांशाहून अधिक वेळा ते बिघडते, असे त्यांना आढळले. अभिप्राय कामावरून माणसाच्या ‘मी’कडे वळला की बिघाड होतो, असे त्यांचे म्हणणे. माझ्यापुरते बोलायचे तर त्या उत्तरातील घड्याळाचा मुद्दा बाजूस राहिला आणि ‘मला असे म्हणणारा कोण’ एवढेच मनात उरले. माझे वय, माझे पद, माझी पदवी, सारे त्या एका वाक्याने दुखावले. दुसरे संशोधन त्याच वर्षीचे, एमी एडमंडसन यांचे. रुग्णालयांच्या कोणत्या विभागांत औषध देण्याच्या चुका अधिक होतात, हे त्या पाहत होत्या. चांगल्या, एकजुटीच्या विभागांत चुका कमी निघतील अशी अपेक्षा होती, पण नोंदी नेमक्या तेथेच अधिक निघाल्या. कारण असे, की तेथे परिचारिकांना चूक सांगण्याची भीती नव्हती. इतरत्र चुका नोंदवहीपर्यंत पोचतच नव्हत्या. आमच्या शिक्षकसभेत पंख्याखेरीज दुसरी तक्रार नव्हती, याचा अर्थ मला तेव्हा लागला.

दहाव्या दिवशी गणिताचे शिक्षक स्वतःच माझ्या घरी आले. चहा झाला. मी इकडतिकडचे बोलत राहिलो. अखेर ते म्हणाले, ‘सर, काही चुकलं का माझं?’ मी उत्तर टाळले, पण ते उठेनात. तेव्हा मी आडवळणाने प्रश्नावलीचा विषय काढला. त्यावर ते म्हणाले, ‘ती का? ती मी भरलीच नाही. आपल्यात फॉर्म कशाला? तुम्हाला काही सांगायचं तर घाटावर सांगेन की. तुम्हीच येत नाही आठ दिवस.’

मला बोलवेना. मग त्यांनी विचारले, ‘काय लिहिलंय त्यात?’ मी घड्याळाची गोष्ट सांगितली, मात्र कागद दाखविला नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘ज्यांनी लिहिलंय त्यांनी खरं लिहिलंय. मला दोनदा दाखवलंत, तेव्हा माझ्या वर्गातली पोरं मागे हसली. आईला डायलिसिसला सोडून येत होतो. तुम्हाला सांगणार होतो, पण तुम्ही घड्याळ दाखवल्यावर सांगण्यासारखं काही उरलं नाही.’

म्हणजे समोर बोलणारा माणूससुद्धा समोर बोलला नव्हता. आणि त्यांच्या आईचा आजार एवढा वाढल्याचे, अकरा वर्षे शेजारी बसूनही, मला ठाऊक नव्हते.

ते वाक्य कोणी लिहिले, हे मला आजतागायत माहीत नाही. कदाचित हिंदी घरच्या कोणी उपरोधाने ‘शिक्षा’ म्हणजे धडा असेच लिहिले असेल. कदाचित आमच्या गावात राहून निमाडी-उर्दू माणसांच्याही बोलीत आपला मराठी अर्थ मिसळला असेल. बऱ्हाणपुरात 1760 च्या उदगीरच्या तहापासून मराठी अंमल आला आणि पुढे शिंद्यांचे राज्य गेले तरी भाषा राहिली. येथे कोणाच्या वाक्यावरून कोणाचे घर ओळखणे हा मूर्खपणाच होता. असो.

नंतर काय केले ते थोडक्यात सांगतो. पुढच्या शनिवारी शिक्षकसभेत मी आलेल्या उत्तरांचे सार वाचून दाखविले, माझ्याविषयीचे सर्वांत आधी. प्रार्थनेच्या वेळी घड्याळ दाखविणार नाही, उशीर झाला तर दार लावून एकट्यास विचारीन, असे सांगितले. कडी त्याच दिवशी बसली. तिला दीडशे रुपये आणि एक तास लागला, म्हणजे दोन वर्षे ती न बसण्याचे कारण पैसा नव्हते. शेवटच्या तासाचे वेळापत्रक दर महिन्याला फिरते ठेवले आणि ते तयार करण्याचे काम दोन शिक्षिकांकडे सोपविले. त्यांनी ते माझ्याहून चांगले केले. मतदारयादी, सर्वेक्षण अशा शिक्षणबाह्य कामांविषयी तिघांनी लिहिले होते. ती माझ्या हातात नाहीत, असे स्पष्ट सांगितले आणि वर पत्र पाठविले. त्या पत्रास उत्तर आलेले नाही. पण ‘हे माझ्याने होणार नाही’ असे ऐकल्यावर मंडळी नाराज होतील ही माझी भीती खोटी ठरली. एक शिक्षिका सभेनंतर म्हणाल्या, ‘निदान वाचलंत तरी, सर.’

सरकारी पातळीवरही असे प्रयत्न आहेत. 2015 मध्ये सुरू झालेल्या शाळासिद्धी कार्यक्रमात प्रत्येक शाळेने 7 क्षेत्रांतील 46 मानकांवर स्वतःस जोखून ते संकेतस्थळावर भरावयाचे असते, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विद्यार्थ्यांच्या प्रगतिपुस्तकातही सवंगड्यांचे मत घेण्याची शिफारस आहे. मुलांनी परस्परांविषयी मत द्यावे असे आपण म्हणतो, आणि शिक्षकांच्या खोलीत मात्र पंख्यापलीकडे कोणी बोलत नाही, ही विसंगती मला आता बोचते. शाळासिद्धीचे रकाने पूर्वी मी व बडे बाबू दोघेच एका दुपारी भरून टाकीत असू. आता सर्वांना बसवितो. दोन दिवस लागतात आणि गुण कमी येतात.

ज्यांना आपल्या कचेरीत असे काही करावयाचे असेल त्यांच्यासाठी एकच व्यावहारिक गोष्ट सांगतो. सहा-सात जणांच्या कार्यालयात संगणकावरील अनामिक प्रश्नावली काढू नये. तेथे ती अनामिक राहतच नाही आणि माझ्यासारखा शब्दांचा शौकीन वरिष्ठ असला तर अनर्थ होतो. व्हॉट्सॲपवरील मतदानही या कामी वापरू नये, कारण तेथे सहसा कोणी काय निवडले हे सर्वांना दिसते. अशा ठिकाणी बाहेरच्या एखाद्या विश्वासू माणसाने प्रत्येकाशी बोलून सार सांगावे, हे बरे.

आम्ही वर्षातून दोनदा प्रश्नावली काढतो. दुसऱ्या वेळी चौदा उत्तरे आली, तिसऱ्या वेळी बारा. दोन का कमी झाली याचा मी तर्क करीत बसलो नाही. तिसऱ्या वेळच्या उत्तरांत एकाने लिहिले आहे, की मुख्याध्यापक आता इतके जपून बोलतात की त्यांच्या मनात काय आहे तेच कळत नाही. यावर काय करावे, हे मला अद्याप उमगलेले नाही. गणिताचे शिक्षक म्हणतात, की त्यांनी या वेळी प्रश्नावली भरली आहे, पण हे वाक्य त्यांचे नाही. मी त्यांना विचारले नव्हते. आम्ही घाटावर बसलो होतो, वर सातपुड्यात पाऊस झाला होता आणि पाणी हत्तीच्या पोटाला लागले होते.